नळजोडणीचे मोल आणि विस्ताराचा भार

नळयोजनेचा ठराव ग्रामसभेपुढे येतो तेव्हा विहिरीची खोली, पंपाची अश्वशक्ती किंवा जलकुंभाची उंची यांवर सहसा वाद होत नाही. ते सारे अभियंत्याच्या अंदाजपत्रकात असते आणि अंदाजपत्रक उघडून पाहण्याची सवय गावाला कोणी लावलेली नाही. वाद पेटतो तो वर्गणीच्या आकड्यावर. घरटी किती पडणार, कोणाला सूट मिळणार, ज्याच्या परसात स्वतःची विहीर आहे त्याने का द्यावे, आणि टोलीवरच्या माणसाने मुख्य वाहिनीपासूनच्या लांब नळीचा खर्च कोठून आणावा, हे प्रश्न भांडकुदळपणाचे समजून निकालात काढण्याची प्रशासनाची रीत आहे. वस्तुतः जगातील मोठमोठ्या शहरांच्या पाणीपुरवठा संस्था ज्या प्रश्नापाशी अडखळल्या, तोच हा प्रश्न होय. जाळे वाढवायचे तर त्याचे भांडवल कोणी घालावे? आधीपासून पाणी पिणाऱ्यांनी, नव्याने येणाऱ्यांनी, की सरकारने?

पाण्याला दोन किमती असतात, हे आपल्याकडील सार्वजनिक चर्चेत क्वचितच स्पष्टपणे मांडले जाते. पहिली किंमत म्हणजे पाणीपट्टी. तीतून पंपाची वीज, तुरटी, विरंजक चूर्ण, गळती दुरुस्ती आणि पाणी सोडणाऱ्याचे मानधन निघावे अशी अपेक्षा असते. दुसरी किंमत नळ घेताना एकदाच मोजावी लागते. अनामत, जोडणी शुल्क, रस्ता खोदाईचा आकार, नळी व तोटीचा खर्च अशा नाना नावांनी ती येते. पाणीपट्टी वाढली की मोर्चा निघतो, निवेदने दिली जातात, वर्तमानपत्रात मथळे येतात. जोडणीची रक्कम वाढली तर यातले काहीच होत नाही. कारण ती ज्याला द्यावी लागते तो अजून ग्राहकच झालेला नसतो. त्याची संघटना नसते, पावती नसते, तक्रार करायला ग्राहक क्रमांकही नसतो. पहिल्या किमतीपेक्षा ही दुसरी किंमत गरिबाला अधिक काळ नळाबाहेर ठेवते, याचे कारण बऱ्याच अंशी येथे आहे.

तळ्यांच्या मुलखातील जुना हिशेब

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आंबागड आहे. देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या कारकिर्दीत, सन 1700 च्या सुमारास, राजा खान पठाण या सरदाराने तेथील किल्ला बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्याचा उपयोग बंदिवानांसाठी होऊ लागला. किल्ल्याच्या आतील विहिरीचे साचलेले विषारी पाणी पाजून कैद्यांचा अंत करीत, अशी आख्यायिका या परिसरात सांगितली जाते. तिच्यात ऐतिहासिक तथ्य किती हे इतिहासकारांनी ठरवावे. परंतु पाणी कोणाच्या हाती आहे यावर माणसाचे जिणे अवलंबून असते, हे त्या मुलखाला नळ येण्याच्या फार पूर्वीपासून ठाऊक होते एवढे त्यावरून म्हणता येते.

या मुलखाची खरी कीर्ती किल्ल्यांची नव्हे, तळ्यांची. कोहळी समाजाच्या लोकांनी पूर्व विदर्भात बांधलेले तलाव आणि बोड्या आजही धानाच्या बांध्या भिजवतात. या तलावांचे अर्थशास्त्र आजच्या विषयाशी अगदी जवळचे आहे. जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याने भांडवल आणि श्रम प्रथम घालायचे. त्याच्या मोबदल्यात त्याला गावाची मालकी किंवा जमिनीची सवलत मिळायची. पुढे पाणी घेणाऱ्यांनी पाळीवर दुरुस्तीचे काम करायचे आणि पाण्याच्या वाटपाचे रिवाज वाजिब-उल-अर्ज या गावदप्तरात लिहिले जायचे. म्हणजे उभारणी कोणाची, देखभाल कोणाची आणि हक्क कोणाचा, या तिन्ही गोष्टी ठरलेल्या असत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मालगुजाराच्या मर्जीबाहेरच्या माणसाला तिच्यात फारशी जागा नव्हती, आणि तळ्याच्या कोणत्या घाटावर कोणी उतरावे हे जात ठरवीत असे. तथापि तिच्यात हिशेब होता हे नाकारता येणार नाही.

मध्य प्रांतातील मालगुजारी 1950 च्या कायद्याने संपली. तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' असे लांबलचक नाव मिळाले. बोलीत त्याचे 'मामा तलाव' झाले, ही लोकांची विनोदबुद्धी. हक्क लोकांकडे राहिला, मालकी सरकारकडे गेली आणि देखभाल मात्र कोणाकडेच राहिली नाही. पाळी खचल्या, गाळ साचला. उभारणीचा पैसा कोठून येतो आणि झीज कोण भरून काढतो हे ठरवल्याशिवाय मालकी बदलली तर काय होते, याचे हजारो नमुने पूर्व विदर्भात पसरलेले आहेत. नळयोजनांचा मार्ग त्याहून वेगळा ठरला असे छातीठोकपणे म्हणण्याजोगी परिस्थिती नाही.

सरकारने द्यावे, गावाने घ्यावे

महाराष्ट्राने 1976 च्या अधिनियमाने पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ स्थापले. 1997 मध्ये त्याचेच नामांतर महाराष्ट्र जीवन प्राधिकरण असे झाले. या काळातील धोरणाचे सूत्र सोपे होते. योजना सरकारने आखावी, सरकारने बांधावी आणि बांधून झाल्यावर गावाच्या स्वाधीन करावी. गावाला योजना फुकट मिळे, म्हणून ती गावाची वाटत नसे. पंप जळाला तर गाव जिल्हा परिषदेकडे पाही आणि जिल्हा परिषद मुंबईकडे. एकाच गावासाठी दहा-पंधरा वर्षांत दोन-दोन योजना मंजूर झाल्या, आणि दुसरी झाली ती पहिली बंद पडली म्हणून.

या अनुभवातून सन 2000 मध्ये राज्याने मागणीवर आधारित धोरण स्वीकारले. गावाने आधी मागणी करावी, भांडवली खर्चाचा दहावा हिस्सा लोकवर्गणीतून उभारावा, आदिवासी गावांनी पाच टक्के द्यावे आणि देखभालीचा खर्च पूर्णपणे गावाने सोसावा, असा नवा दंडक आला. केंद्राची स्वजलधारा योजना डिसेंबर 2002 मध्ये याच पायावर सुरू झाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2003 मध्ये सुरू झालेल्या जलस्वराज्य प्रकल्पाचे सूत्रही हेच होते. 15 ऑगस्ट 2019 रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी दररोज 55 लिटर पाणी असे उद्दिष्ट ठेवले. तरी लोकवर्गणीचे तत्त्व टाकून दिले नाही. गावांतर्गत कामांच्या खर्चाच्या दहा टक्के, आणि डोंगरी, वनव्याप्त किंवा निम्म्याहून अधिक अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या गावांत पाच टक्के, असा वाटा गावाने द्यावयाचा आहे. तो रोख, वस्तुरूपाने किंवा श्रमदानानेही देता येतो.

मिशनचा मूळ आराखडा 3 लाख 60 हजार कोटी रुपयांचा होता आणि त्यातील 2 लाख 8 हजार कोटी केंद्राचे. 2019 मध्ये देशातील सुमारे 3 कोटी 23 लाख ग्रामीण घरांत नळ होता. 2025 पर्यंत हा आकडा 15 कोटींच्या पुढे गेला. इतक्या अल्पावधीत इतक्या घरांपर्यंत नळ नेण्याचे काम स्वतंत्र भारतात पूर्वी झालेले नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु मूळ मुदत 2024 ची होती. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात ती 2028 पर्यंत वाढवावी लागली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात कंत्राटदारांची देयके थकल्याच्या तक्रारी राज्यभर ऐकू आल्या. वरून येणारा पैसा आटतो तेव्हा खालच्या वाट्याचा प्रश्न अधिक टोकदार होतो.

वर्गणी आणि शुल्क

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. लोकवर्गणी ही आज गावात असलेल्या घरांची असते. जोडणी शुल्क हे पुढे येणाऱ्या घरांचे. दोन्ही रकमा एकाच भांडवलासाठी असतात. पण त्यांचा परस्परसंबंध आपल्या ग्रामपंचायतींत क्वचितच जोडला जातो.

समजा, तीनशे घरांचे एक गाव आहे आणि गावांतर्गत कामांचा खर्च नव्वद लाख रुपये येतो. दहा टक्के म्हणजे नऊ लाख. घरटी तीन हजार रुपये. पगारदार शिक्षकाला ही रक्कम जड नाही. शेतमजुराची गोष्ट निराळी. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. त्या दराने हे जवळजवळ दहा दिवसांचे काम होते. आणि खेड्यात काम रोज मिळत नाही. धानाची रोवणी आणि कापणी यांच्या दरम्यान, पुन्हा उन्हाळ्यात तेंदूपत्ता व मोहफुले यांचा हंगाम सरल्यावर, हातात रोकड नसते. आता या तीनशेपैकी साठ घरांनी पैसे दिले नाहीत तर काय? उरलेल्या दोनशे चाळीस घरांवर प्रत्येकी पावणेचार हजार पडतात. त्यांपैकी काही मग म्हणू लागतात की त्यांनी दिले नाही तर आम्ही तरी का द्यावे. शेवटी कंत्राटदारच वर्गणी भरून टाकतो आणि ती कामाच्या दर्जातून वसूल करून घेतो, अशी कुजबुज ज्या त्या तालुक्यात ऐकू येते. जेथे असे घडते तेथे लोकसहभाग कागदावर शंभर टक्के आणि प्रत्यक्षात शून्य असतो.

दहा वर्षांनंतरचे चित्र पाहा. गावात आणखी शंभर घरे झाली. वितरणाच्या नळ्या साधारणतः तीस वर्षांची आणि पंप पंधरा वर्षांची गरज धरून आखण्याचा अभियांत्रिकी संकेत आहे. म्हणजे आजच्या तीनशे घरांनी उद्याच्या शंभर घरांसाठीही नळीचा व्यास वाढवून घेतलेला असतो. त्यांच्या वाट्याचे पैसे आगाऊ भरलेले असतात. नव्या घराने नुसती चार-पाचशे रुपयांची अनामत भरून नळ घेतला तर जुन्यांवर अन्याय होतो. उलट त्याच्याकडून मन मानेल ती रक्कम घेतली तर तो ज्या नळीची किंमत आधीच दिली गेली आहे तिचे पैसे पुन्हा मोजतो.

यातून वाट काढण्याच्या दोन रीती पाणीपुरवठ्याच्या अर्थशास्त्राने सांगितल्या आहेत. पहिल्या रीतीत नवा ग्राहक जुन्या मालमत्तेतील आपला हिस्सा विकत घेतो. तीन हजारांच्या वर्गणीतील नळ्यांचे तीसपैकी दहा वर्षांचे आयुष्य सरले असेल, तर सरळ हिशेबाने दोन हजार त्याने द्यावेत. दुसरी रीत अशी की, जुन्या जाळ्यात जागाच उरलेली नसेल आणि त्याच्यासाठी नवा जलकुंभ वा नवी विहीर लागणार असेल, तर त्या नव्या कामाचा हिस्सा त्याने द्यावा. पहिली रीत जेथे क्षमता शिल्लक आहे तेथे योग्य, दुसरी जेथे ती संपली आहे तेथे. आपल्याकडे बहुधा तिसरी रीत चालते. शेजारच्या ग्रामपंचायतीत जो आकडा आहे तोच ठरावात उतरवून घेतला जातो.

विस्ताराचा पैसा विस्तारावरच

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डनेडिन नावाचे एक लहान शहर आहे. वाढत्या वस्तीसाठी पाणी व मलनिस्सारणाची व्यवस्था वाढवावयाची म्हणून त्या नगरपालिकेने नव्या जोडण्यांवर वेगळे शुल्क बसविले. घरे बांधणाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली. 1976 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल या विषयात पायाभूत मानला जातो. ज्यांच्या येण्यामुळे विस्तार करावा लागतो त्यांच्याकडून त्या विस्ताराचा वाजवी हिस्सा घेण्यास हरकत नाही, असे न्यायालयाने तत्त्वतः मान्य केले. परंतु ही रक्कम केवळ विस्तारावरच खर्च होईल असे बंधन नगरपालिकेच्या नियमात नव्हते. म्हणून तो नियम न्यायालयाने टिकू दिला नाही. शुल्क योग्य, पण त्याला स्वतंत्र तिजोरी हवी, असा या निर्णयाचा आशय.

आपल्या कायद्यालाही हा विचार परका नाही. राज्यघटनेच्या 265 व्या अनुच्छेदाप्रमाणे कायद्याच्या आधाराखेरीज कर बसविता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1954 च्या शिरूर मठ प्रकरणात कर आणि शुल्क यांतील फरक विशद केला. कर सर्वसाधारण तिजोरीत जातो. शुल्काच्या बदल्यात काही विशिष्ट सेवा द्यावी लागते. पुढील काळात न्यायालयांनी हे बंधन बरेच सैल केले हे खरे. तरी मूळ तर्क बाद झालेला नाही. ग्रामपंचायतींना 1958 च्या अधिनियमाखाली सामान्य आणि विशेष अशा दोन पाणीपट्ट्या बसविण्याचा अधिकार आहे. पाणीपुरवठ्याचे खाते वेगळे असले तरी जोडणीची रक्कम आणि वार्षिक पट्टी त्यात एकत्र पडल्या की पंपाच्या थकलेल्या वीजबिलासाठी दोन्ही सारख्याच हाताशी येतात. नव्या घरांनी जलकुंभासाठी दिलेला पैसा अशा रीतीने जुन्या घरांच्या विजेत जळून जातो. दहा वर्षांनी जलकुंभ अपुरा पडला की गाव पुन्हा आमदारांच्या दारी उभे राहते.

वसुलीचे हे दुखणे ग्रामपंचायतींपुरते नाही. शहरांत 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात 1992 मध्ये दुरुस्ती होऊन विकास आकार आला. बांधकामाची परवानगी घेताना तो भरावा लागतो. पण ज्याने शेतजमिनीचा गुंठा-दीड गुंठ्याचा तुकडा विकत घेऊन परवानगीविना घर बांधले, त्याच्यापर्यंत ना हा आकार पोहोचला ना नळ. 2001 च्या गुंठेवारी अधिनियमाने अशी घरे नियमित करण्याची सोय केली, ती आकार आणि दंड वसूल करूनच. कारकुनी नोकरीतली सारी पुंजी घालून ज्यांनी असे भूखंड घेतले त्यांनी स्वस्तात घर मिळवले असे म्हणतात. रस्त्याविना, गटाराविना आणि टँकरच्या पाण्यावर काढलेली वर्षे त्या किमतीत धरली तर ते स्वस्त नव्हते.

ब्वेनोस आयरेसचा धडा

विस्ताराचा सारा भार नव्या ग्राहकांवर टाकला तर काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण अर्जेंटिनाच्या राजधानीचे आहे. 1993 मध्ये ब्वेनोस आयरेसची पाणी व मलनिस्सारण व्यवस्था तीस वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीकडे सोपविण्यात आली. शहराच्या मध्यभागी नळ पूर्वीपासून होता. उपनगरांतील गरीब वस्त्यांपर्यंत तो न्यावयाचा होता. करारात नव्या जोडण्यांवर पायाभूत सोयींचा आकार ठेवण्यात आला. पाणी आणि मलनिस्सारण मिळून तो हजार डॉलरच्या पुढे जाई. ज्यांची मिळकत सर्वांत कमी, त्यांनाच शहरातील सर्वांत महाग नळ घ्यावा लागला. साहजिकच लोकांनी तो घेतला नाही, किंवा घेऊन पैसे थकविले. 1997 मध्ये कराराची फेरआखणी झाली. नव्यांवरील तो आकार काढून टाकून सर्व ग्राहकांच्या बिलात एक लहानसा आकार वाढविण्यात आला. आता तक्रारीची पाळी जुन्या ग्राहकांची होती. 2006 मध्ये सरकारने करारच रद्द केला. बोलिव्हियातील एल आल्तो शहरातही पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी मिळून सुमारे 445 डॉलर पडू लागली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि 2005 च्या आरंभी तेथील सरकारला कंपनीशी असलेला संबंध संपविण्याची घोषणा करावी लागली.

या दोन्ही प्रकरणांत खासगी कंपनीचा नफा हा खलनायक ठरविण्यात आला, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु मूळ दोष रचनेत होता. तो सरकारी संस्थेच्या हातूनही तसाच घडू शकतो. जाळ्याचा पहिला टप्पा सरकारी पैशाने झाला तेव्हा त्याचा लाभ आधी सधन वस्त्यांना मिळाला. दुसरा टप्पा 'ज्याचा लाभ त्याचा खर्च' या तत्त्वाने करावयाचे ठरले तेव्हा रांगेत गरीब उभे होते. तत्त्व बरोबर होते, पण ते लागू करण्याची वेळ चुकीची होती. आपल्याकडील महानगरांचा इतिहास याहून फारसा निराळा नाही.

पश्चिम आफ्रिकेतील कोत दि'व्हार या देशाने उलटी वाट धरली. तेथे पाण्याच्या बिलावर अधिभार लावून एक विकास निधी निर्माण केला गेला आणि त्यातून गरीब कुटुंबांना जोडणीचा खर्च न घेता नळ दिले गेले. ज्याला नळ आहे तो महिन्याला थोडे अधिक देतो आणि ज्याला नाही त्याच्यापर्यंत नळी पोहोचते. या पद्धतीचा लाभ असा की संस्थेलाही ग्राहक वाढल्याने उत्पन्न मिळते. दोष असा की पट्टीची वसुली चोख नसेल तर निधीत काहीच जमत नाही. आपल्या ग्रामपंचायतींना नेमका हा दोषच आधी भेडसावेल.

टोलीचा नळ

शुल्क सर्वांना सारखे असावे की प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे, हा आणखी एक पेच आहे. मुख्य वाहिनी गावठाणातून जाते. तिच्या लगतच्या घराला दहा फूट नळी पुरते. गावाबाहेरच्या टोलीला, आणि बहुतेक खेड्यांत जी वस्ती पूर्वापार गावकुसाबाहेर आहे तिला, दोनशे फूट लागते. प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे शुल्क घेणे वरवर पाहता न्याय्य वाटते. पण वस्ती दूर का राहिली याचे कारण तिथल्या रहिवाशांनी निवडलेले नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ज्या हक्काची प्रतिष्ठापना झाली, तो हक्क कायद्यात निर्विवाद झाला आहे. नळीच्या लांबीच्या हिशेबाने तोच पुन्हा महाग होऊ नये, एवढी दक्षता ठराव लिहिणाऱ्याने घेतली तर पुरे.

अतिक्रमित जागेवरील घरांचे काय, हा प्रश्नही ग्रामसभेत हमखास निघतो. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, झोपडी बेकायदा असली तरी तीत राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, कारण ते जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय दिला. पाणी देणे म्हणजे जागेचा हक्क मान्य करणे नव्हे, हे लक्षात घेतले तर पुष्कळ अर्ज निकाली निघतील.

सांडपाण्याची उलटी गोष्ट

नळ आला की त्यामागोमाग सांडपाणी येते. माणशी 55 लिटर म्हणजे पाच माणसांच्या घरात 275 लिटर. त्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग वापरून बाहेर पडतो. तीनशे घरांच्या गावात रोज सहासष्ट हजार लिटर सांडपाणी. हातपंपावरून डोक्यावर पाणी आणणाऱ्या गावात हा प्रश्न नव्हता. आता तो गल्लीत वाहतो आहे. भुयारी गटारे आंबागडसारख्या खेड्याच्या आवाक्यातली गोष्ट नव्हे. शोषखड्डे आणि परसबागा हाच तेथील व्यवहार्य मार्ग. तथापि त्याचा खर्च नळाच्या अंदाजपत्रकाशी जोडून दाखविला जात नाही, त्यामुळे नळ स्वस्त भासतो.

मलनिस्सारणाच्या जोडणीचे अर्थशास्त्र पाण्याच्या जोडणीहून अगदी वेगळे आहे. पाण्याचा नळ घेणाऱ्याला स्वतःला लाभ होतो, म्हणून तो त्यासाठी काही पैसे मोजायला तयार असतो. गटाराची जोडणी घेतल्याने लाभ होतो तो खालच्या अंगाला राहणाऱ्यांना. ज्याच्या घरामागे सेप्टिक टाकी आहे, किंवा ज्याचे सांडपाणी विनासायास नाल्यात जाते, त्याने शुल्क भरून जोडणी का घ्यावी? भंडारा जिल्ह्याला याचा अनुभव पुस्तकातून घ्यावा लागत नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते. ज्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाली, त्याच्या जलाशयात हे पाणी साचते आणि नदीकाठच्या गावांना त्याचा त्रास होतो. नागपुरातील घरांनी जी जोडणी घेतली नाही, महापालिकेने जे जाळे वेळेवर पुरे केले नाही, त्याची किंमत पाणी शुद्ध करण्याच्या वाढीव खर्चाच्या आणि आजाराच्या रूपाने पवनी-भंडाऱ्याकडील माणूस भरतो आहे. त्याच्या हाती या शुल्काची पावती मात्र पडत नाही. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी एकोणीसशे कोटींहून अधिक खर्चाचा प्रकल्प मंजूर झाला आहे. त्यात केंद्र, राज्य आणि महापालिका या तिघांचा वाटा आहे. इतक्या उशिराने साऱ्या देशाच्या तिजोरीतून जे करावे लागत आहे, त्याचा काही भाग शहर पसरत असताना प्रत्येक नव्या अभिन्यासाकडून घेऊन वेगळा ठेवला असता, तर काम इतके साचले नसते. म्हणूनच गटाराच्या जोडणीचे शुल्क शक्य तितके कमी, किंबहुना शून्य ठेवून, जोडणी सक्तीची करणे आणि खर्च मालमत्ता करातून काढणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. पाण्याला जे लागू पडते ते सांडपाण्याला जसेच्या तसे लावण्यात अर्थ नाही.

ठरावात काय लिहावे

पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानाचा साठ टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शनातही वर्गणी देणाऱ्या गावाला योजनेच्या भांडवली खर्चाच्या दहा टक्के इतका फिरता निधी बक्षीस म्हणून देण्याची तरतूद आहे. पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे साधने अगदीच नाहीत असे नाही. ग्रामसभेने ठरावात काही गोष्टी स्पष्ट लिहून ठेवल्या तर पुष्कळ भांडणे टळतील. जोडणीची रक्कम वेगळ्या बँक खात्यात राहील आणि विस्तार वा बदली यांखेरीज तिला कोणी हात लावणार नाही, हे पहिले कलम असावे. रक्कम एकरकमी मागू नये. धान विकल्यावर दिवाळीनंतर एक हप्ता आणि तेंदूपत्त्याची मजुरी हाती आल्यावर उन्हाळ्यात दुसरा, अशी मुदत भंडारा जिल्ह्यातील खेड्याला सोयीची पडेल. विधवा, भूमिहीन, अपंग यांची वर्गणी श्रमदानात धरण्याची मुभा नियमातच आहे, ती दयेने नव्हे तर नावानिशी यादी करून द्यावी. दरवर्षी खात्यातील शिल्लक चावडीवर लावावी. गावातील शाळेचे शिक्षक आणि पदवीधर मुले हा हिशेब तपासू शकतात, त्याला सनदी लेखापाल लागत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कोणत्याच मार्गदर्शक पुस्तिकेत नीट आढळत नाही. खेड्यातील नवा ग्राहक हा बहुतेक वेळा परगावाहून आलेला नसतो. दोघे भाऊ वेगळे होतात, एका चुलीच्या दोन चुली होतात आणि धाकटा परसात दोन खोल्या बांधून वेगळा नळ मागतो. दहा वर्षांपूर्वी वडिलांनी भरलेले तीन हजार त्याच्याही वाट्याचे होते की केवळ थोरल्याच्या घराचे? वर्गणीची पावती वडिलांच्या नावावर असते, वडील हयात नसतात आणि ग्रामसेवक बदलून गेलेला असतो. पूर्ण रक्कम मागावी तर धाकटा म्हणतो की बापाचे पैसे बुडाले. काहीच मागू नये तर परगावाहून येऊन गावात जागा घेणारा शिक्षक विचारतो की मग माझ्याकडूनच का. विभक्त झालेल्या कुटुंबाकडून निम्मा हिस्सा घ्यावा, तो चार हप्त्यांत घ्यावा आणि बाहेरून येणाऱ्याकडून झीज वजा जाता पूर्ण हिस्सा घ्यावा, असा एक मार्ग सुचविता येईल. गावोगावी याचे प्रमाण वेगळे पडेल. पाण्याचे वाटप जसे वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिले जाई, तसे हेही योजना सुरू होण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या ठरावबुकात तारीख घालून लिहिलेले असावे, आणि पहिला वेगळा झालेला भाऊ अर्ज घेऊन येईल तेव्हा ते पान सापडावे.